रबराची धाव : लष्करी प्रतिकृतींच्या चाकांचा इतिहास

लष्करी वाहनांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या जगात चाक हा तसा उपेक्षित भाग. चिलखताच्या पत्र्याची जाडी, तोफेच्या तोंडावरचे कडे, बुरुजावरच्या आकड्यांचे वळण यांवर मंडळी तासन् तास वाद घालतात. टायरपाशी आले की मात्र काळ्या रंगाची बाटली उघडतात आणि दोन मिनिटांत मोकळे होतात. महिनाभर खपून केलेली जीप मग खेळणे वाटू लागते आणि ती तशी का वाटते, हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. कारण तिच्या चार चाकांत असते. मागे टांगलेले जादा चाक धरले तर पाच. टायर काळा नसतो. तो कधी राखी असतो, कधी तपकिरी, कधी ज्या मातीतून आला त्या मातीचाच. मोटारगाडीच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत तर तो बहुधा पांढुरकाच होता. या रंगबदलामागे रसायनशास्त्र आहे, दोन महायुद्धे आहेत आणि आपल्या उसाच्या पट्ट्यातली बैलगाडीही आहे. चकतीएवढ्या टायरवर रंग लावणाऱ्याला हा सारा इतिहास ठाऊक असावा लागतो, असा या लेखाचा दावा आहे.

आधी आकाराविषयी थोडेसे. या छंदात सर्वाधिक रूढ प्रमाण १/३५ हे आहे. तो आकडा कोणी विचार करून ठरवलेला नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याचा संच काढला, तो पोटात विजेची मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा. मागाहून मोजले तेव्हा प्रमाण १/३५ भरले आणि पुढे जगभर तेच चालले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या टायरचे माप ६.००-१६, म्हणजे सोळा इंचांची रिम आणि तिच्या दोन्ही अंगांना सहा-सहा इंच रबर. एकूण व्यास सुमारे अठ्ठावीस इंच. १/३५ मध्ये तो दोन सेंटिमीटर होतो, साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा. त्यावर खरी वाळू टाकली, तर अर्ध्या मिलिमीटरचा कण त्या छोट्या जगात पाऊण इंचाची खडी होऊन बसतो. म्हणून माती वापरायचीच असेल तर ती वस्त्रगाळ करून घ्यावी लागते.

रंगालाही प्रमाण असते. दूरची वस्तू फिकी दिसते, कारण मध्ये हवा आणि धूळ असते. फूटभर अंतरावरून पाहिलेली १/३५ ची प्रतिकृती म्हणजे पस्तीस फुटांवरची खरी गाडी. तेव्हा खऱ्या गाडीचाच रंग जसाच्या तसा वापरला तर प्रतिकृती जड आणि गडद दिसते, आणि निव्वळ काळा तर भोक पडल्यासारखा दिसतो. कोल्हापूरच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. विसाव्या शतकाच्या आरंभी आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या आते-मामेभावांनी नाटक मंडळ्यांसाठी जे पडदे रंगवले, त्यांतली विद्या हीच. महालाचा दूरचा खांब जवळच्या खांबापेक्षा किती फिका करायचा, याचा हिशेब त्यांना करावाच लागे. यांतले बाबूराव पुढे 'पेंटर' या नावाने ओळखले गेले आणि १९२० च्या 'सैरंध्री'पासून चित्रपटाच्या इतिहासात गेले. प्रतिकृती रंगवणाऱ्यांच्या इंग्रजी पुस्तकांत या गोष्टीला भारदस्त नाव आहे. आपल्याकडे पडदे रंगवणाऱ्याला ती नावाविना येत होती, एवढेच.

आता रबराकडे वळू. झाडाचा चीक दुधासारखा असतो आणि त्यापासून केलेले रबरही फिकटच. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ करण्याची कृती शोधली. बेलफास्टमधील जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये हवा भरलेला टायर व्यवहारात आणला. रबराला बळकटी यावी म्हणून त्यात झिंक ऑक्साइडची पूड घालत, आणि ती पांढरीशुभ्र असल्यामुळे टायरही पांढरा किंवा राखी होई. मिशेलिन कंपनीचा तो टायरांच्या वळ्यांचा बाहुला १८९८ मध्ये जन्मला. तो पांढरा का, असा प्रश्न आज मुलांना पडतो. त्या काळी टायरच तशा रंगाचे होते, हे त्याचे साधे उत्तर. लंडनजवळच्या सिल्व्हरटाऊनच्या कारखान्यात १९०४ च्या सुमारास असे आढळले की रबरात काजळी मिसळली तर टायरची झीज कितीतरी कमी होते. ही तीच काजळी, जी आपण दिव्यावर वाटी धरून जमवत आलो. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हळूहळू, आणि पहिल्या महायुद्धानंतर सर्रास, टायर काळा झाला. तेव्हा १९१४ सालची चिलखती मोटार करणाऱ्याने गडद काळे टायर रंगवले, तर त्याने शिवकालीन मावळ्याच्या हाती बंदुकीऐवजी स्टेनगन देण्यासारखेच काहीतरी केलेले असते. फरक इतकाच, की स्टेनगन सर्वांच्या लक्षात येते आणि टायर कोणाच्या येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने रबराची गोष्ट पुन्हा पालटली. १९४२ च्या पहिल्या काही महिन्यांत मलाया, सिंगापूर आणि जावा जपानच्या हाती गेले आणि जगाच्या नैसर्गिक रबराचा सुमारे नऊ-दशांश पुरवठा दोस्तांना तुटला. अमेरिकेत टायर वाचवण्यासाठी देशभर ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा घातली गेली. (आकड्याचा योगायोग गमतीचा आहे, त्यात अर्थ शोधू नये.) घाईघाईने कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहिले, जर्मनांचे बुना रबर त्याआधीपासून होतेच. हिंदुस्थानात डनलॉपचा साहागंजचा कारखाना १९३६ पासून चालू होता आणि त्रावणकोर-कोचीनचे रबरमळे, शेजारचे सिलोन, यांना एकाएकी मोल आले. या घडामोडींचा परिणाम जीपच्या चाकावर दिसतो. टायर बदलून मिळणे अवघड, म्हणून चारही टायर एकसारखे क्वचित. एक अर्धा झिजलेला, एक गोटा झालेला, एखादा नव्याने बसवलेला आणि गडद. प्रतिकृतीत चारही टायर एकाच झिजेचे असले, तर ती गाडी कारखान्यातून आजच बाहेर पडली असे वाचावे लागते.

आणखी एक बारीकसा मुद्दा. पण कालविपर्यास कसा होतो ते त्यातून कळेल. आजच्या टायरची बाजू काही महिन्यांनी तांबूस-तपकिरी होते. हवेतल्या ओझोनने रबराला चिरा पडू नयेत म्हणून त्यात जी रसायने घालतात, ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि तिथे त्यांचा रंग पालटतो. ही झाक मुख्यतः त्यांची. ही रसायने रूढ झाली ती १९५० च्या दशकापासून. म्हणजे आजच्या ट्रकचे छायाचित्र समोर ठेवून १९४४ च्या जीपचा टायर तपकिरी रंगवणे धोक्याचे. त्या टायरवर तपकिरी दिसायचे असेल तर ते धुळीचे असावे. आणि रबर उन्हाने म्हातारे झाल्याची खूण म्हणून फिकट राखी रंग आणि कडेला केसासारख्या चिरा असाव्यात.

यावर कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? संग्रहालयात जावे, खरी गाडी पाहावी, तसा टायर रंगवावा. अडचण नेमकी इथेच आहे. अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेले रणगाडा संग्रहालय महाराष्ट्रातल्या या छंदाचे तीर्थक्षेत्र आहे. तिथे रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावरची चिलखती मोटार आहे, १९६५ च्या युद्धात हाती आलेले पॅटन आहेत, आपला विजयंता आहे. पोलाद खरे आहे, रिव्हेट खरे आहेत. पण रबर शंभर वर्षे टिकत नाही. ते कडक होते, तडकते, चुरा होऊन गळते. त्यामुळे जगातल्या कोणत्याही संग्रहालयात चालत्या स्थितीत ठेवलेले जुने वाहन आपल्याहून तरुण टायरांवर उभे असते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार निघते, ती १९३० च्या दशकातली. मेबॅक हे नाव प्रतिकृतीवाल्यांना वेगळ्याच कारणाने परिचित असते, कारण जर्मनांच्या पँझर ३, पँझर ४ आणि टायगर या रणगाड्यांची इंजिने मेबॅकचीच. दसरा चौकात ती मोटार पाहताना मन हरखते. पण ती ज्या रबरावर येते ते तिच्या वयाचे नसणार, हे उघड आहे. लोखंड, लाकूड, कापड, कागद, यांचे जतन करता येते. रबराचे फारच थोडे. युद्धाच्या साऱ्या भौतिक अवशेषांत सर्वांत आधी मरतो तो टायर. आणि म्हणूनच, जुनी छायाचित्रे नीट वाचून रंगवलेला दोन सेंटिमीटरचा टायर कधीकधी संग्रहालयातल्या टायरपेक्षा खरा असतो, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

छायाचित्रे वाचायची म्हणजे काय? ती बहुतेक कृष्णधवल आहेत. राखाडी छटेतून रंग काढायचा तर टायर झिजतो कसा, माती धरतो कशी आणि सोडतो कशी, हे डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते. त्यासाठी लष्करी तळावर जाण्याची गरज नाही. पन्हाळा तालुक्यातले कोडोली गाव त्यासाठी पुरेसे आहे.

कोडोलीला लागूनच वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात तिथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या भागातल्या रस्त्यांचे रूपच पालटले. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की ऊस भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. पूर्वीच्या बैलगाडीचे चाक लाकडी. तुंबा, आरे, पाट्या आणि त्यांवर लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव. ती धाव मऊ रस्त्यात रुतायची आणि डांबरी रस्ता कापायची. हवेच्या टायरांची गाडी आली ती कंपनीच्या नावानेच ओळखली गेली. आजही जुन्या माणसांच्या तोंडी ती 'डनलॉपची गाडी'च असते, मग टायर कोणत्याही कंपनीचा का असेना. त्याच बैलजोडीने ओढायचा बोजा जवळजवळ दुप्पट झाला. ग्रामीण महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात विहिरीवरच्या इंजिनाला जेवढी जागा मिळते, तेवढी या टायरला मिळालेली नाही. मिळायला हवी होती, असे मला वाटते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

या रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहिले तर जे दिसते, ते कोणत्याही परदेशी पुस्तकातल्या तक्त्यात सापडत नाही. फडातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा टायर आख्खा मातीचा असतो, रबर दिसतच नाही. डांबरी रस्त्यावर फर्लांगभर गेला की जमिनीला टेकणारा पट्टा घासून स्वच्छ होतो आणि गडद दिसू लागतो. नक्षीच्या खाचांत मात्र माती ठासलेली राहते. बाजूंवर माती वाळते, फिकी होते आणि टायरचा फुगीर भाग दबून सुटतो तिथून तिच्या खपल्या पडतात. रिमच्या कडेशी ती कायमची राहते. टायर खाली दबलेला असतो आणि बाजूला पोट काढतो. भरलेल्या गाडीचे पोट मोठे, रिकामीचे लहान. नदीकाठच्या काळ्या मळीची धूळ वाळल्यावर राखी होते. पन्हाळ्याच्या जांभ्याची तांबडी माती वाळली तरी तांबडीच राहते आणि रबरात अशी शिरते की एका पावसाने जात नाही. म्हणजे एकाच तालुक्यात दोन टायर, दोन रंग. संचाच्या खोक्यातला कागद मात्र सांगतो, 'येथे धुळीचा रंग लावा'. कुठली धूळ?

हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. पाचव्या मराठा पलटणींचे जवान दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. यशवंत घाडगे यांना टायबरच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी वीरमरण आले, नामदेव जाधव यांचा पराक्रम सेनिओ नदीकाठचा, ९ एप्रिल १९४५ चा. दोघेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. त्यांच्या पलटणीची जीप करायची असेल तर एकीकडे इटलीच्या उन्हाळ्यातली फिकट, पिठासारखी धूळ हवी, दुसरीकडे नदीच्या बांधावरचा वसंतातला चिखल. कोणी दोन्ही ठिकाणी बाटलीतला तोच तपकिरी रंग लावला, तर त्याने महिने आणि मुलूख एकत्र कालवून टाकले.

आता प्रत्यक्ष कृतीबद्दल. जुनेपण आणण्याच्या या कामाला छंदवाले वेदरिंग म्हणतात आणि त्याचाही स्वतःचा इतिहास आहे. अमेरिकेत शेप पेन यांनी १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या संचांसोबत येणाऱ्या पत्रकांतून प्रसंगदृश्ये कशी रचावीत हे शिकवले. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी पातळ गडद रंगाचा ओघळ आणि कोरड्या कुंचल्याची फिकट घासणी यांची जोडी लोकप्रिय केली. आणि २००० नंतर स्पेनच्या मिग हिमेनेझ यांच्या प्रभावाने सुक्या रंगचूर्णांचा जमाना आला. टायरच्या बाबतीत या तिन्हींचा उपयोग आहे, पण तिसरीचा सर्वाधिक, कारण धूळ ही मुळात चूर्णच असते. पाया म्हणून काळ्यात तपकिरी आणि थोडा पांढरा मिसळून केलेला गडद राखी रंग द्यावा, चमक अजिबात नको. जमिनीला टेकणारा भाग पॉलिश पेपरवर हलकेच घासून सपाट करावा. गोल टायर सपाट जमिनीवर एका रेषेत टेकलेला असला की गाडी हवेत तरंगते आणि मग रंग कितीही चांगला असो, उपयोग नाही. चूर्ण टर्पेंटाइनमध्ये कालवून खाचांत सोडावे, वाळू द्यावे आणि टेकणारा पट्टा बोटाने पुसून घ्यावा. बोटानेच, कारण रस्ताही तेच करतो. विकतचे चूर्ण परवडत नसेल तर चित्रकलेच्या मऊ खडूंची पूड चालते. ओला चिखल दाखवायचा तर त्या मिश्रणात तकाकीचे वार्निश, पण ते फक्त खालच्या भागात. वरची माती आधी वाळते. जादा चाकाने जमीन पाहिलेलीच नसते, त्यामुळे त्याच्या खाचांत माती नसावी. वरच्या अंगाला बसलेली धूळ आणि एका बाजूला उन्हाचा फिकेपणा एवढेच असावे. पाचही चाकांना सारखाच चिखल फासलेल्या कित्येक प्रतिकृती बक्षिसे मिळवून जातात. परीक्षकांनी एकदा गळीत हंगामात कोडोलीला येऊन जावे.

आपल्या सैन्याच्या गाड्या करणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते. शक्तिमान ट्रक (जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीच्या परवान्याखाली जबलपूरला १९५९ पासून तयार झालेला), निसानचा एकटनी, जोंगा, या गाड्यांनी आपली दोन-तीन युद्धे वाहून नेली, पण परदेशी संचांच्या मुबलक बाजारात त्यांना स्थान नाही. मग दुसऱ्याच एखाद्या ट्रकचा संच कापून, पत्रा चिकटवून त्या घडवाव्या लागतात. जीपची तेवढी चणचण नाही. आणि जीप म्हटले की प्रत्येक भारतीय छंदवाल्याच्या मनात एकच जीप असते, १०६ मिलिमीटरची तोफ बसवलेली, कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांची.

असल उत्तरची ती लढाई १९६५ च्या सप्टेंबरातली; १० तारखेला हमीद यांना वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. खेमकरण भागातली ती जमीन आपल्या ओळखीची वाटावी अशी आहे, कारण तिथे उभा ऊस होता. आपल्या सैन्याने पाणी सोडून शेते भिजवली आणि पॅटन त्या चिखलात रुतले. हमीद यांची उघडी जीप उंच पिकाच्या आडून जागा बदलत मारा करीत होती. रणगाडा पट्ट्यांवर चालतो, जीप रबरावर. चिलखत नसलेल्या त्या गाडीचे सारे संरक्षण लपण्यात आणि चटकन सरकण्यात होते, म्हणजे पर्यायाने चार टायरांत. आता या जीपच्या ज्या प्रतिकृती पाहायला मिळतात, त्यांत टायरवर बहुधा आफ्रिकेच्या वाळवंटातली पिवळी धूळ असते. खोक्यावरच्या चित्रातून उचललेली. पाणी सोडलेल्या उसाच्या रानातून निघालेला टायर कसा दिसतो हे वारणेच्या काठच्या पोराला जेवढे ठाऊक आहे, तेवढे शिझुओकाच्या चित्रकाराला ठाऊक असण्याचे कारण नाही. चिखलाबरोबर उसाचा पाचोळा नक्षीच्या खाचांत अडकतो, आसाला गुंडाळला जातो आणि वाळल्यावर पांढरट धाग्यांसारखा लोंबतो. तागाच्या सुतळीचे धागे बारीक कापून, फिक्या रंगात बुडवून तो दाखवता येतो. पंजाबची माती वारणेची नव्हे, हे खरे. रंग तिथल्या नदीच्या गाळाचा, फिकट बदामी घ्यावा. पण माती टायरवर बसते कशी, हे शिकायला आपलेच रान पुरे.

एवढे असूनही आपल्याकडे मळलेला टायर रंगवायला हात धजत नाही, असे मला अनेकदा जाणवले आहे. याचे कारण कौशल्यात नसून संस्कारात आहे. खंडेनवमीला आपण वाहन धुतो, चाकेसुद्धा घासतो, झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो; नवी गाडी असेल तर चाकाखाली लिंबू ठेवून पुढे घेतो. ज्याचा मान राखायचा ते स्वच्छ असले पाहिजे. दिवाळीच्या किल्ल्यावरही हेच. किल्ला मात्र मनसोक्त मातीचा करतात. पोरे गेरू कालवतात, कोळशाची पूड उडवतात, अळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवतात, म्हणजे वेदरिंगचे सारे धडे तिथे आहेत. पण त्यावर मांडलेले मातीचे मावळे चकचकीत रंगातलेच हवेत, महाराज दरवाजाहून उंच असले तरी चालतात (ते प्रमाण मानाचे आहे, मापाचे नाही), आणि पायथ्याशी ठेवलेला प्लॅस्टिकचा लष्करी ट्रक पुसून ठेवलेला हवा.

हीच वृत्ती चौकाचौकांतल्या रणगाड्यांवर उतरली आहे. युद्धात हाती आलेले किंवा सेवेतून निवृत्त झालेले रणगाडे देशभर छावण्यांच्या आणि महाविद्यालयांच्या दाराशी स्मारक म्हणून उभे आहेत. पॅटनच्या किंवा विजयंताच्या चाकांनाही रबराची धाव असते. पट्ट्यांशी घासून तिच्या कडा तुटतात, लचके निघतात, आणि ते लचके म्हणजे त्या रणगाड्याने तोडलेल्या मैलांची नोंद असते. स्वातंत्र्यदिन किंवा भेटीचा कार्यक्रम जवळ आला की या साऱ्यावर तेलरंगाचा जाड हात फिरतो. रबर काळे कुळकुळीत, रिमची कड पांढरी, पट्टे चंदेरी. दरवर्षीच्या या थरांखाली लचके बुजतात, नक्षी बुजते, कधी गोळीचे छिद्रही बुजते. रंगवणाऱ्याच्या भावनेविषयी शंका नाही, तो पूजाच करत असतो. पण पूजेत आपण ज्याची आठवण ठेवायची तेच पुसून टाकतो आहोत काय, हा प्रश्न विचारायला हवा. शत्रूचा जिंकलेला रणगाडा नवा कोरा दिसला, तर तो कोणी, कुठल्या चिखलात थांबवला, हे त्याच्याकडे पाहून कळणार कसे? त्याच्या १/३५ प्रतिकृतीवर कोणीतरी चाकाच्या रबराचे लचके सुईने कोरतो, तेव्हा तो निदान त्या एका रणगाड्यापुरता पुरावा परत लिहीत असतो.

अर्थात प्रतिकृतीच्या टायरलाही अमरत्व नाही. बऱ्याच संचांत टायर कडक प्लॅस्टिकचे नसून मऊ व्हिनाइलचे येतात, खऱ्या रबरासारखे वाकणारे. घेणाऱ्याला ते फार आवडतात. त्यांवर इनॅमल रंग महिनोन् महिने चिकट राहतो, आणि व्हिनाइल मऊ राखण्यासाठी त्यात घातलेले द्रव्य हळूहळू बाहेर झिरपून शेजारच्या पॉलिस्टायरीनला खाऊ लागते. खोका दहा-पंधरा वर्षांनी उघडावा तर टायर शाबूत असतो आणि त्याच्या आतली रिम वितळून त्याला चिकटलेली असते. जुने छंदवाले असे टायर आल्या दिवशीच वेगळ्या पिशवीत घालतात आणि गाडीला रेझिनचे टायर बसवतात; पोट काढलेले, खालून दबलेले, वाकत नाहीत असे.